बेचाळीस नंबरची खोली

५ डिसेंबर १९१६, मंगळवार. इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या पूर्वेला, क्रॉस गेट्सजवळच्या बार्नबो दारूगोळा कारखान्यात रात्री दहाची पाळी नुकतीच सुरू झाली होती. ४२ नंबरच्या खोलीत सुमारे १७० बायका-मुली कामाला लागल्या होत्या. काम साडेचार इंची तोफगोळ्यांचे. दारू दुसरीकडे भरून गोळे या खोलीत येत. इथे गोळ्याच्या तोंडाशी फ्यूज, म्हणजे तो केव्हा फुटायचा हे ठरवणारा भाग, हाताने बसवायचा आणि मग गोळा यंत्रात धरून तो फ्यूज गच्च आवळायचा. दहा वाजून सत्तावीस मिनिटांनी स्फोट झाला. ३५ जणी ठार झाल्या, कितीतरी जन्माच्या अधू झाल्या. काहींची ओळख पटली ती केवळ अंगावरच्या बिल्ल्यावरून. यंत्रांची देखभाल करणारा एक मेकॅनिक पुन्हा पुन्हा आत शिरून मुलींना बाहेर काढत राहिला. डझनभर तरी जीव त्याने वाचवले.

काम थांबले ते थोडाच वेळ. जखमींना आणि मृतांना हलवल्यावर त्याच खोलीत उभे राहायला दुसऱ्या मुली आपणहून पुढे आल्या.

सकाळच्या वर्तमानपत्रांत यातले काहीच नव्हते. पुढच्या दिवसांत लीड्सच्या पत्रांत तरुण मुलींच्या मृत्यूच्या छोट्या छोट्या सूचना येऊ लागल्या. कारण एकच दिलेले असे: अपघात. कुठे, कसा, आणि एकाच वेळी इतक्या घरांत कसा, याबद्दल अक्षर नव्हते. ज्या गल्ल्यांतून शवपेट्या निघाल्या तिथल्या लोकांना सगळे ठाऊक होते, पण ते छापायला बंदी होती. महायुद्ध संपून सहा वर्षे उलटल्यावर, १९२४ मध्ये, ही हकिगत पहिल्यांदा जाहीरपणे सांगितली गेली.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी ज्यांना वाचनाची चटक लावली, त्यांच्या मनात इथे लगेच प्रश्न उभा राहील: स्फोट कुणी घडवला? त्या काळच्या इंग्रज वाचकाच्या मनातही नेमका हाच प्रश्न होता आणि त्याचे उत्तरही तयार होते. जर्मन हेर. या उत्तराने युद्धकाळातल्या कारखान्यांची खरी गोष्ट बराच काळ झाकून ठेवली.

गोष्ट सुरू होते १९१५ च्या मे महिन्यात. फ्रान्समध्ये ऑबर्स रिजच्या लढाईत ब्रिटिश फौजेची कत्तल झाली. १४ मे रोजी लंडनच्या ‘टाइम्स’ने बातमी दिली की तोफगोळेच पुरे पडले नाहीत. सरकार हादरले, संयुक्त मंत्रिमंडळ आले आणि जूनमध्ये दारूगोळ्यासाठी वेगळे मंत्रालय उभे राहिले. मंत्री झाले डेव्हिड लॉइड जॉर्ज. जुलैच्या कायद्याने युद्धसामग्रीच्या कारखान्यांत संपाला बंदी आली आणि मालकाच्या दाखल्याशिवाय कामगाराने दुसरीकडे नोकरी धरणे अवघड झाले. त्याच महिन्याच्या १७ तारखेला एमेलिन पँकहर्स्ट यांनी लंडनमध्ये बायकांचा प्रचंड मोर्चा काढला. मागणी होती, देशासाठी काम करण्याचा हक्क द्या. कालपर्यंत मताधिकारासाठी तुरुंगात जाणाऱ्या पँकहर्स्टबाईंच्या या मोर्च्याचा खर्च सरकारी तिजोरीतून झाला होता. पुरुष आघाडीवर चालले होते आणि यंत्रांपाशी माणसे हवी होती.

बार्नबो हा त्यातूनच निघालेला कारखाना. लीड्सच्या उद्योगपतींची समिती ऑगस्ट १९१५ मध्ये बसली आणि वर्षभरात शेतजमिनीवर नगरच उभे राहिले. ऑक्टोबर १९१६ पर्यंत तिथे १६ हजार माणसे कामाला होती आणि त्यांत शंभरात त्र्याण्णव बायका. लीड्स, यॉर्क, वेकफील्ड, कॅसलफर्ड, हॅरोगेट अशा गावांतून त्यांना आणायला-पोचवायला दिवसाला ३८ खास गाड्या धावत. आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, आठवड्याचे सहा दिवस. यातल्या पुष्कळ मुली आधी लोकांच्या घरी मोलकरणी होत्या, कुणी कापडगिरण्यांत, कुणी शिवणकामावर. घरकामापेक्षा इथला पगार कितीतरी बरा. शिवाय मालकिणीची घंटा वाजली की धावत जायचे नाही.

फाटकातून आत जाताना मात्र अंगावरचे सगळे उतरवावे लागे. वरचे कपडे काढून झगा आणि टोपी चढवायची, पायांत रबरी तळव्यांचे जोडे. केसांतला आकडा चालत नसे, कारण धातूला धातू घासून उडालेली एक ठिणगी पुरे होती. सिगारेट आणि काडेपेटी हा तर गुन्हाच. झडती घ्यायला दारूगोळा कारखान्यांत मार्गारेट डेमर डॉसन यांच्या महिला पोलीस दलातल्या बायका नेमल्या होत्या. ब्रिटनमध्ये गणवेशातल्या बायकांच्या हाती असा अधिकार येण्याची ही सुरुवातच. खिशात एक काडी सापडली तरी मुलीला न्यायालयात उभे करत, आणि काहींना तुरुंगातही जावे लागले. नियम कडक होते आणि ते योग्यच होते. पण गंमत अशी की झडती कामगाराच्या खिशाची होई. यंत्राची, फ्यूजची आणि वेगाची झडती कोण घेणार?

वेगाचे कारण आघाडीवर होते. जुलै १९१६ मध्ये सोमची लढाई सुरू झाली आणि तिथे पडलेले असंख्य ब्रिटिश तोफगोळे फुटलेच नाहीत. मालाची संख्या वाढवा आणि दर्जाही वाढवा, असा दुहेरी दाब कारखान्यांवर आला. ४२ नंबरच्या खोलीतल्या मुली या दोन मागण्यांच्या मधोमध उभ्या होत्या. गोळा आघाडीवर हमखास फुटला पाहिजे आणि त्यांच्या हातात मात्र अजिबात फुटता कामा नये.

स्फोट एका क्षणात मारत असे. दुसरा मारेकरी सावकाश काम करी. टीएनटी या स्फोटकाची पिवळी भुकटी कातडीतून आणि श्वासातून अंगात भिनते. तिच्याशी रोज गाठ पडणाऱ्या मुलींची कातडी पिवळी पडे, कपाळावरचे केस तांबूस होत. लोक त्यांना कॅनरी म्हणू लागले, त्या पिवळ्या पक्ष्यावरून. ट्रॅममध्ये कुणी कौतुकाने जागा देई, कुणी अंग चोरून घेई. कौतुक आणि किळस बाजूला ठेवून पाहणाऱ्या दोन डॉक्टर बायका निघाल्या: अॅग्नेस लिव्हिंगस्टन-लिअरमंथ आणि बार्बरा कनिंगहॅम. टीएनटीच्या कामावरच्या बायकांना काय काय होते, याची निरीक्षणे त्यांनी ऑगस्ट १९१६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली. पोटाच्या तक्रारी, त्वचेचे विकार, चक्कर, आणि काहींना यकृत निकामी करणारी कावीळ. त्या एका वर्षात ब्रिटनमध्ये या विषारी काविळीने ५० हून अधिक कामगार दगावले. उपाय म्हणून टीएनटीचे काम काही काळ देऊन मग बदली करायची, हात धुवायची सोय करायची, कारखान्याच्या डॉक्टरने वरचेवर तपासायचे, असे नियम आले. बार्नबोने तर स्वतःची गोशाळाच काढली. १२० गाईंचे दूध कामगारांना हवे तेवढे मिळे, कारण दुधाने विष उतरते अशी समजूत होती.

नेमक्या याच वर्षी, १९१६ मध्ये, टॉर्की गावच्या लष्करी रुग्णालयातल्या औषधांच्या खोलीत काम करणारी एक तरुणी विषाची कादंबरी लिहीत होती. अॅगाथा क्रिस्टीची ‘द मिस्टिरिअस अफेअर अॅट स्टाइल्स’ पुढे १९२० मध्ये छापून आली. एका श्रीमंत बाईला स्ट्रिक्निन कुणी दिले, हे तिच्यातले कोडे हर्क्यूल प्वारो सोडवतो. विषाच्या कादंबऱ्यांना तिथून सुगीचे दिवस आले. पण हजारो बायकांच्या अंगात रोज भिनणाऱ्या पिवळ्या विषावर कुणी रहस्यकथा लिहिली नाही. तिथे विष कोण देतो, याचे कोडेच नव्हते. विष मस्टरवर हजेरी लावून, पगार घेऊन, देशसेवा म्हणून घेतले जात होते.

रहस्यकथा लिहिणाऱ्यांना कारखाने माहीत नव्हते असे मुळीच नाही. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉइल स्कॉटलंडच्या सीमेवरच्या ग्रेटना इथला अवाढव्य कारखाना पाहून आला. नऊ मैल लांब पसरलेल्या त्या कारखान्यात सुमारे १२ हजार बायका तोफांसाठी कॉर्डाइट नावाची दारू बनवत. नायट्रोग्लिसरीन आणि स्फोटक कापसाचा लगदा त्या हाताने मळत असत. कॉनन डॉइलने त्या लगद्याला सैतानाची लापशी म्हटले आणि ते नाव आजही तिथल्या संग्रहालयाला आहे. लेखिका रिबेका वेस्टही अशाच एका कारखान्यात जाऊन आली. बायकांच्या धाडसावर तिने १९१६ मध्ये जो लेख लिहिला त्यात आघाडीवरच्या सैनिकाच्या धोक्याशी या मुलींच्या धोक्याची तुलना होती. पण हे लेख प्रचाराच्या कामाचे होते. धोका किती रोमहर्षक आहे ते सांगायची मुभा होती, तो कुठे प्रत्यक्ष कोसळला ते सांगायची नव्हती. १९१५ मध्ये ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’ लिहून जर्मन हेरांचा थरार घरोघरी पोचवणारा जॉन बकन १९१७ मध्ये सरकारच्या माहिती खात्याचा संचालक झाला. हेरकथा लिहिणारा आणि युद्धाची माहिती जनतेपुढे मांडणारा माणूस एकच होता.

हेरांचे भूत तर त्याच्याही आधीपासून इंग्लंडच्या मानगुटीवर बसले होते. विल्यम ल क्यू या लेखकाने १९०६ मध्ये ‘डेली मेल’मधून जर्मन आक्रमणाची काल्पनिक कथा क्रमशः चालवली आणि १९०९ मध्ये ‘स्पाइज ऑफ द कायझर’ लिहिले. न्हावी, वेटर, घड्याळजी, सगळे जर्मन हेर आहेत असे वाचकांना वाटू लागले आणि शेकडो पत्रे सरकारदरबारी जाऊन पडली. त्याच वर्षी ब्रिटनचे गुप्तचर खाते स्थापन झाले. कादंबरीने उठवलेल्या घबराटीचा त्या निर्णयात मोठा वाटा होता.

त्यामुळे १९ जानेवारी १९१७ च्या संध्याकाळी पूर्व लंडनच्या सिल्व्हरटाउनमध्ये टीएनटी शुद्ध करणारा कारखाना उडाला तेव्हा घातपाताची अफवा पसरायला वेळ लागला नाही. सुमारे ५० टन स्फोटक एकदम पेटले. ७३ माणसे मेली, ४०० हून अधिक जखमी झाली, हजारो घरांची पडझड झाली. आग लागलेली पाहून कारखान्यातून पळण्याऐवजी ती विझवायला धावलेला मुख्य रसायनतज्ज्ञ अँड्रिया एंजल तिथेच गेला. त्याला मरणोत्तर एडवर्ड पदक मिळाले. चौकशी झाली. घातपाताचा पुरावा सापडला नाही. आगीचे एकच निश्चित कारण ठरवता आले नाही, पण एक गोष्ट चौकशीत स्पष्ट झाली: दाट वस्तीत टीएनटीचे काम करायला ही जागा मुळातच नालायक होती. तो अहवाल सरकारने १९५० च्या दशकापर्यंत दडवून ठेवला. अफवेला मोकळे रान होते आणि सत्य कुलुपात होते.

जर्मनांनी घातपात केलेच नाहीत असेही नाही. ३० जुलै १९१६ रोजी न्यूयॉर्कसमोरच्या ब्लॅक टॉम बेटावर मित्रराष्ट्रांसाठी साठवलेला दारूगोळा जर्मन हस्तकांनी उडवून दिला, हे पुढे सिद्ध झाले. पण ब्रिटनच्या कारखान्यांतल्या मोठ्या स्फोटांमागे असा हात सापडला नाही. १ जुलै १९१८ रोजी नॉटिंगहॅमजवळच्या चिलवेल कारखान्यात आठ टन टीएनटीचा स्फोट होऊन १३४ जण ठार झाले. त्यांतले अवघे ३२ ओळखता आले. तिथेही घातपाताची चर्चा झाली, सिद्ध काही झाले नाही. बार्नबोतही आणखी दोन स्फोट झाले. मार्च १९१७ मध्ये दोन मुली गेल्या, मे १९१८ मध्ये तीन पुरुष.

कारखान्यांभोवती हेर मात्र खरोखर फिरत होते. ते दारूगोळा मंत्रालयाचेच होते. कामगारांतला असंतोष हुंगण्यासाठी मंत्रालयाने एक गुप्त शाखा चालवली होती. तिचा अॅलेक्स गॉर्डन या नावाने वावरणारा खबऱ्या डर्बीमध्ये अॅलिस व्हील्डन या बाईंच्या घरी पोचला. व्हील्डनबाई जुने कपडे विकत, युद्धाला विरोध करत आणि सैन्यभरती टाळणाऱ्या तरुणांना आसरा देत. १९१७ च्या जानेवारीत त्यांना अटक झाली. आरोप असा की लॉइड जॉर्ज, जे एव्हाना पंतप्रधान झाले होते, त्यांना क्युरारे हे विष टोचून मारण्याचा त्यांचा कट होता. विष मागवले होते हे बाईंनी नाकारले नाही. पण ते युद्धविरोधी कैद्यांच्या छावणीवरच्या राखणीच्या कुत्र्यांसाठी, आणि तेही गॉर्डनच्याच सांगण्यावरून, असे त्यांचे म्हणणे होते. ज्याच्या शब्दावर खटला उभा होता तो गॉर्डन साक्षीला आलाच नाही. बाईंना दहा वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगात त्यांनी अन्नत्याग केला आणि वर्ष संपायच्या आत खुद्द लॉइड जॉर्ज यांच्या सांगण्यावरून त्यांची सुटका झाली. १९१९ मध्ये फ्लूच्या साथीत त्या वारल्या. कुठल्याही हेरकथेतले सगळे सामान या प्रकरणात आहे, फक्त खलनायक सरकारी पगारावर होता.

हा सगळा ऐवज कादंबरीत यायला अनेक दशके लागली. पॅट बार्करच्या ‘रीजनरेशन’ (१९९१) या कादंबरीत सेरा लम ही दारूगोळा कारखान्यातली तरुणी आहे, पिवळ्या पडलेल्या कातडीसकट. पुढच्या ‘द आय इन द डोअर’ (१९९३) मध्ये बार्करने व्हील्डन प्रकरणावरून बीटी रोपर ही व्यक्तिरेखा घडवली. या कादंबऱ्यांतली भीती अंधारातल्या पावलांची नाही. कुणावर विश्वास ठेवावा हे कळेनासे झालेल्या गल्लीची ती भीती आहे. जॅकलिन विनस्पिअरने २००३ पासून मेसी डॉब्ज या महिला गुप्तहेराची मालिका लिहिली; विनस्पिअरची स्वतःची आजी वुलविचच्या शस्त्रागारात काम करताना स्फोटात जखमी होऊन डोळ्यांनी अधू झाली होती. २०१६ मध्ये, बार्नबोच्या स्फोटाला शंभर वर्षे झाली तेव्हा, अॅलिस नटर हिचे ‘बार्नबो कॅनरीज’ हे नाटक लीड्सच्या रंगभूमीवर आले. नाती-पणतींच्या पिढीने ही गोष्ट हातात घेतली तेव्हाच तिच्यातला खरा थरार कळला: उद्या पुन्हा त्याच पाळीला जायचे आहे, हे माहीत असून झोपी जाणे.

अफवा आणि सेन्सॉर यांची ही जोडगोळी मुंबईनेही अनुभवली आहे, दुसऱ्या महायुद्धात. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाज फुटले. त्याच्या पोटात स्फोटके होती आणि कापसाच्या गाठीही. शेकडो माणसे मेली, गोदीजवळच्या वस्त्या जळाल्या. जपान्यांनी हल्ला केला, अशी आवई उठली. जगाला सविस्तर बातमी दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्याच दिवशी. मुंबईतल्या वार्ताहरांना ती बाहेर पाठवायची परवानगी मे महिन्यात मिळाली. शत्रूला बातमी कळू नये म्हणून पाळलेले मौन शत्रूपासून काहीच लपवू शकले नाही. ते लागू झाले फक्त आपल्या माणसांना.

बार्नबोबाबतही हाच निवाडा करावा लागतो. ४२ नंबरच्या खोलीतल्या स्फोटाचे नेमके कारण जनतेला कधीच सांगितले गेले नाही. गुन्हेगाराचे नाव या गोष्टीत नाही, पण जबाबदारी कुणाची हे धूसर नाही. दारू भरलेल्या गोळ्यावर फ्यूज आवळण्याचे काम १७० मुलींना एकाच खोलीत करायला लावणारी व्यवस्था होती, गोळ्यांची भूक कधीच न भागणारी लढाई होती, आणि अपघात झाल्यावर तो गिळून टाकणारा कायदा होता. मनोधैर्य खचू नये म्हणून बातमी दाबली, हे समर्थन तेव्हाही तोकडे होते. स्फोटानंतर काही वेळातच त्या खोलीत उभ्या राहिलेल्या मुलींचे धैर्य सरकारच्या मौनावर अवलंबून नव्हते. ज्यांना सगळे माहीत होते त्याच सगळ्यांत पुढे होत्या. आणि हेरांच्या कथांनी या मौनाला मदतच केली. नजर सतत बाहेरच्या शत्रूवर खिळलेली असली की कारखान्याच्या मालकाला, मंत्र्याला किंवा निरीक्षकाला प्रश्न विचारायचे राहून जाते.

युद्ध संपेपर्यंत बार्नबोच्या बायकांनी सुमारे अडीच कोटी तोफगोळे भरले होते. युद्धानंतर पुरुष परतले तशी त्यांना घरी पाठवण्यात आले. १९२५ मध्ये यॉर्क मिन्स्टर या महामंदिरातली ‘फाइव्ह सिस्टर्स’ ही काचेची खिडकी दुरुस्त करून साम्राज्यातल्या युद्धबळी स्त्रियांना अर्पण केली गेली. तिथल्या ओक लाकडाच्या फळ्यांवर बार्नबोच्या मृत मुलींची नावे कोरलेली आहेत. २०१६ मध्ये कारखान्याच्या जागेला संरक्षित स्मारकाचा दर्जा मिळाला. मात्र पहिल्या महायुद्धातल्या मृत सैनिकांच्या कबरी आणि नावे जपणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदींत या मुली बसत नाहीत. त्या नागरिक होत्या, असे नियम सांगतो. ज्यांना गणवेश, पाळी, झडती आणि शिक्षा सैनिकासारखीच होती, त्यांना मरणानंतर नागरिक ठरवणे हा अन्याय आहे, आणि तो दूर करायला अजून उशीर झालेला नाही.